आप्पांच्या वडिलांचा घास

सिंगापूरला जायचं ठरलं तेव्हा नात्यागोत्यातल्या सगळ्यांनी मला नेहमीचे प्रश्न विचारले. तिकडे फार उकडतं का, जेवणाचं काय करणार, विमानात पाय सुजतात म्हणे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच प्रश्न विचारला.

"तिथं कावळं हायत का गं?"

"असतील की. कावळे कुठं नसतात?"

"असतील, असं नगं. केतकीला इचार. नक्की सांग म्हणावं."

केतकी माझी मुलगी. पुण्याहून कंपनीच्या कामाला म्हणून सिंगापूरला गेली आणि तिकडचीच झाली. सेरंगूनला तिचा भाड्याचा फ्लॅट आहे. फोनवर तिला विचारलं तर ती आधी हसली, मग म्हणाली, "आहेत आई, पण कमी. मैनाच जास्त." मी आप्पांना 'आहेत' एवढंच सांगितलं.

या चौकशीचं कारण सांगायला हवं. आप्पांचे वडील दुसऱ्या महायुद्धात गेले. खडकीला भरती झाले, पूल बांधणाऱ्या आणि वेळ आली की उडवणाऱ्या पलटणीत. तिथून बोटीनं मलायात (आजच्या मलेशिया-सिंगापुरात), आणि मलायातून काही नाही. तार नाही, पेटी नाही, निरोप घेऊन कुणी सोबती आला नाही. आप्पा तेव्हा पाळण्यात होते. माझी आजी शेवटपर्यंत कुंकू लावत राहिली. बेपत्ता माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तसं करून घ्या म्हणून कुणी सुचवलं की ती त्याला दारातूनच वाटेला लावायची. "ते गेल्याचं तुला कुणी सांगितलं?" असं विचारायची. ती गेली तीही सवाष्ण म्हणूनच, हिरव्या बांगड्यांत, बायकांनी ओटी भरून. त्यामुळे आप्पांना वडिलांचं श्राद्ध कधी करताच आलं नाही. पितृपंधरवड्यात सगळ्यांची पानं वाढली जायची, त्यांच्या वडिलांचं सोडून.

आता आप्पांनी ऐंशी ओलांडली आहे. खाटेवरून बाहेरच्या सोप्यापर्यंत यायलाही धरावं लागतं. आणि त्यांनी मनाशी घेतलंय की आपण जायच्या आधी वडिलांना गती मिळाली पाहिजे. शेजारच्या गावच्या एका निवृत्त सुभेदारानं त्यांना कधीतरी सांगितलं होतं की सिंगापुरात एक भिंत आहे आणि माघारी न आलेल्यांची नावं तिच्यावर कोरली आहेत.

"त्या भित्तीपाशी एक घास ठिव. कावळा शिवला की झालं. मग हितलं समदं मी करून घेतो."

"आणि नाही शिवला तर?"

मी सातारच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत आयुष्य काढलेली बाई. पुढची गाडी विचारणाऱ्याला त्यानंतरचीही सांगून ठेवायची माझी सवय. आप्पांनी कूस बदलली.

आजी सांगायची की आजोबांना वाघ्या घेवड्याची उसळ फार आवडायची. आमच्या कोरेगावकडचा तो ठिपक्याठिपक्यांचा घेवडा. त्या माणसाविषयी आम्हाला खात्रीनं ठाऊक असलेली ही एवढीच गोष्ट. भावानं डबाभर घेवडा निवडून दिला, तो मी कपड्यांच्या मध्ये ठेवला. सिंगापूरच्या विमानतळावर नेमकी माझीच बॅग उघडायला लावली. गणवेशातल्या मुलीनं डबा हलवून बघितला, दोन दाणे तळहातावर घेतले.

"हे काय, आंटी?"

"खायचं."

तिनं डबा परत दिला. कुणी खायचं ते तिनं विचारलं नाही, हे बरं झालं.

शहराबद्दल काय सांगू? झाडं इतकी की आपण ती तोडतो कशाला याची लाज वाटावी. रस्ते धुतल्यासारखे, आणि जागोजागी काय करू नये याच्या पाट्या. गाडीत खाऊ नका, पिऊ नका, डुरियन (फणसासारखं काटेरी, उग्र वासाचं फळ) आणू नका. सेरंगूनच्या हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली ओळीनं मांडलेल्या खाण्याच्या टपऱ्यांत) मी कोपी (आटवलेल्या दुधाची दाट कॉफी) पीत बसले होते, तेव्हा समोरच्या खांबावर मला हवी ती पाटी दिसली. पक्ष्यांना खाऊ घालू नका, दंड होईल. जेवून उठणारा प्रत्येक जण आपलं ताट उचलून उष्ट्या ताटांच्या कपाटात ठेवत होता. शीत म्हणून कुठे सांडलेलं नाही. या गावात कावळा जगतो कशावर, असा मला प्रश्न पडला. दोन दिवसांत मला एकही दिसला नव्हता.

तिसऱ्या पहाटे मात्र कोकिळेनं ओरडून जाग आणली. केतकी उशी कानावर दाबून म्हणाली, "रोजचा त्रास आहे, सगळी सोसायटी वैतागलीय." मी मात्र उठून बसले. कोकिळा आहे म्हणजे ती अंडी घालते ते घरटंही आहे. घरटं आहे म्हणजे कावळा आहे. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

शनिवारी केतकीला सुट्टी. सकाळी उठून कुकरला घेवडा लावला, भात केला, एक ज्वारीची भाकरी केली. केळीच्या पानाचा तुकडा आदल्या दिवशी आणून ठेवला होता. मेट्रोच्या सर्कल लाइननं बिशानला, तिथून लाल लाइननं क्रांजीला. गाडी जमिनीखालून वर आली, मग नुसत्या इमारतीच इमारती, मग दाट झाडी. डबा मी मांडीवर धरून बसले होते. केतकी म्हणाली, "आई, बॅगेत ठेव ना." मी ठेवला नाही.

क्रांजीची युद्धस्मारकाची जागा टेकाडावर आहे. गवत कातरलेलं, आणि त्यात पांढऱ्या दगडांच्या रांगा थेट वरपर्यंत गेलेल्या. प्रत्येक दगडावर नाव, पलटण आणि वय. वयं वाचायची नाहीत असं मी ठरवलं आणि वाचत गेले. बावीस, एकोणीस, चोवीस. भरतीच्या दिवसांत असलीच पोरं माझ्या खिडकीशी यायची, ओठांवर नुकती मिसरूड फुटलेली. मावशी, कोल्हापूर कितीला आहे विचारायची, आणि मी न बघताच सांगायची. दगडाखाली पुरलेली पोरं कुठल्या कुठल्या मुलखातली होती, पण चेहरे मला तेच दिसायला लागले.

आमचा माणूस या दगडांत असायचा नाही. ज्यांचं प्रेतच सापडलं नाही त्यांची नावं टेकाडाच्या माथ्यावर आहेत. तिथं उंच उंच भिंती एकामागं एक उभ्या आहेत आणि दोन्ही बाजूंनी कोरलेल्या आहेत. आपल्याकडच्या पलटणींचा भाग शोधून काढला आणि मी वरपासून खालपर्यंत वाचायला लागले. मान दुखायला लागली, चष्मा घामानं धुरकटला. आपल्याकडची आडनावं दिसली की थांबून पुन्हा वाचायचे. एका ठिकाणी दौलत सापडला. आजोबांचं नाव दौलतच. मी केतकीचा दंड धरला. पण तो दौलत पंजाबकडचा होता, पलटण वेगळी, आडनाव वेगळं. मी पुढची भिंत धरली. ती संपली तशी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"आई, बस आता," केतकी म्हणाली.

"थांब गं. या कोपऱ्यातलं राहिलंय."

"आई, नाहीये त्यांचं नाव. मी आधीच शोधलं होतं. या नावांची यादी कॉम्प्युटरवर मिळते. सगळ्या तऱ्हेनं बघितलं."

मी भिंतीपासून वळले. "मग बोलली का नाहीस? त्या म्हाताऱ्याला आशा लावून मी समुद्र ओलांडून आले."

"वाटलं, यादीत राहिलं असेल, भिंतीवर तरी असेल." तिचे डोळे भरले होते. "तू घेवडा घेऊन आलीस. कसं सांगू तुला?"

मला तिचा राग आला होता आणि तो काढायला जागा नव्हती. शेवटी व्हिडिओ कॉल लावला. भावानं फोन आप्पांच्या तोंडासमोर धरला. मी सांगितलं, "आप्पा, भिंतीवर नाव नाही."

त्यांनी तोंड फोनच्या आणखी जवळ आणलं. मग म्हणाले, "समदं वाचलंस?"

"दोनदा."

"मग तितं घास ठिवू नगंस. दुसऱ्यांच्या दारात त्याचं पान नगं मांडायला."

भिंतीवर नाव नाही म्हणजे इंग्रज सरकारच्या लेखी एकतर आमचा माणूस मेलाच नव्हता, किंवा मरताना इंग्रजांचा राहिला नव्हता. ते केतकीनं आप्पांना हळूहळू समजावून सांगितलं. इथं इंग्रज जपान्यांना शरण गेल्यावर पकडलेल्या आपल्या शिपायांतले कितीतरी आझाद हिंद फौजेत गेले. त्यांच्यासाठी समुद्रकाठी एक स्मारक उभं केलं होतं, ते इंग्रजांनी माघारी येताच पाडून टाकलं. आता त्या जागी नुसती एक खूण आहे.

"पाडलंय व्हय?" आप्पांचा आवाज जरा चढला. "मग तितंच असंल त्यो. आमच्या नशिबाला शोभतंय. जा तिकडं."

टॅक्सी केली. चालक म्हातारा चिनी होता. इथं अशा माणसाला अंकल म्हणतात, मग तुमचं वय काही का असेना. त्यानं आरशातून विचारलं, "क्रांजीला कोण तुमचं?"

"आजोबा."

"सापडले?"

"नाही."

"आय्यो," तो म्हणाला आणि त्यानं रेडिओ बंद केला. आम्ही उतरताना म्हणाला, "माझ्या बापाचेही दोन भाऊ, आंटी. कुठं गेले, नो बडी नोज ला." वाक्याच्या शेवटी 'ला' जोडायची इथली पद्धत.

एस्प्लनेडची बाग समुद्राच्या कडेला आहे, शहराच्या अगदी मध्यात. हाकेच्या अंतरावर तीन स्मारकं. एक साम्राज्यासाठी मेलेल्या सैनिकांचा उंच दगडी चौथरा. एक आठकोनी छोटं देऊळ वाटावं असा मंडप, चार कोपऱ्यांना चार सिंह. तो जपान्यांविरुद्ध लपून लढलेल्या आणि तुरुंगात हाल होऊन मेलेल्या इथल्या वीराचा. आणि तिसरी आमची खूण. ती शोधायला वेळ लागला. माणसं तिच्या बाजूनं समुद्राकडे फोटो काढायला जात होती. मी तिच्याभोवती फेरी मारली, मागची बाजूही बघितली. तिच्यावर एकही नाव नव्हतं.

मंडपाजवळच्या बाकावर एक चिनी आजीबाई बसल्या होत्या. शेजारी पिशवीत संत्री. आम्ही दोघी त्या खुणेपाशी घुटमळतोय हे त्या बघत होत्या. मीच जाऊन बसले, पाय दुखत होते म्हणून. त्या इंग्रजीत बोलल्या, माझ्या इंग्रजीपेक्षा त्यांचं बरं होतं. त्यांचे मामा त्या लपून लढणाऱ्यांतले. पकडले गेले, मग कळलंच नाही. मंडप दुसऱ्याचा, पण त्यांची आई दरवर्षी संत्री घेऊन इथंच यायची, आता त्या येतात.

"तुमचे आजोबा कुठल्या बाजूचे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"इंग्रजांचे की जपान्यांचे?"

"आमच्या देशाचे," मी म्हटलं. जरा तोडूनच म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. पण त्यांनी मला सोडलंही नाही. "आमच्या गल्लीच्या तोंडाशी जपान्यांनी एक भारतीय शिपाई उभा केला होता. तो बायकांच्या पाठीत काठी घालायचा. आणि दुसऱ्या पाळीचा शिपाई आईला स्वतःच्या वाट्याचा भात द्यायचा. आई म्हणायची, कपडे दोघांचे सारखे."

मला त्या बाईचा हात धरून सांगावंसं वाटलं की आमचा तो भात देणारा. पण कशावरून सांगणार? घेवडा आवडायचा यावरून?

पलीकडे मोठ्या झाडाखाली केतकीनं केळीचं पान मांडलं. भात, त्यावर उसळ, भाकरीचा तुकडा. वर फांदीवर दोन कावळे होते. खरंच होते. मी फोन लावला, भावानं आप्पांना उठवून बसवलं होतं, त्यांनी डोक्याला टोपी घातली होती.

"पक्ष्यांना घालायचं नसतं," आजीबाई मागून म्हणाल्या. "दंड होतो."

"माहीत आहे. आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी..." मला पुढचं इंग्रजीत येईना.

त्यांनी पानाकडे बघितलं, छत्री उघडली आणि रस्त्याच्या बाजूनं आडोसा करून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "मी काही पाहिलं नाही ला."

कावळे खाली बघत होते. आम्ही हात जोडले. पहिल्यांदा आल्या त्या मैना, इथल्या काळ्या, पिवळ्या चोचीच्या साळुंक्या. मी हुश हुश करत राहिले, त्या चार पावलं उड्या मारून पुन्हा यायच्या. कावळा जागचा हलेना.

असं झालं की आपल्याकडे घरची माणसं हात जोडून कबूल करतात. पोरांना अंतर देणार नाही, कर्ज फेडीन, धाकटीचं लग्न करीन. गेलेल्याचा जीव ज्यात अडकलाय ते बोललं की कावळा येतो म्हणतात. फोनमधून आप्पा बोलायला लागले. बागेच्या त्या शांततेत त्यांचा आवाज फार मोठा वाटला.

"बा, आयेला म्या अंतर दिलं न्हाई. तिच्या कपाळाचं कुकू शेवटपतुर तसंच हुतं. तुझ्या आयेला खांदा म्या दिला. रान इकलं न्हाई. हिरीला पाणी हाय. नातीची पोरगी ममईच्याबी म्होरं शिकली, तुझ्या गावात ऱ्हाती आता."

ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की यात एकही गोष्ट करायची राहिलेली नव्हती. सगळं होऊन चुकलं होतं. एका माणसाचं अख्खं आयुष्य वडिलांना दिलेल्या, न मागितलेल्या शब्दांत संपलं होतं, आणि पुढचं कबूल करायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

कावळा मान वाकडी करून बघत होता.

"तुला काय पायजे त्ये मला कळंना रं," आप्पा म्हणाले. "म्या तुला बघितलाच न्हाई."

मी मैनांना हाकलायचं विसरले. त्या पानावर तुटून पडल्या, घेवडा चोचीत धरून पळाल्या, भात उधळला. केतकी माझ्या कानाशी कुजबुजली, "आई, फोन वळव. आला म्हणून सांग." मी वळवणारही होते. पण आप्पा पडद्यावरून सगळं बघत होते.

"साळुंक्या हायत न्हवं त्या?"

"हो आप्पा."

"आन् त्यो वर बसलाय त्यो?"

"तो कावळा."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. भावाचा हात मध्ये आला आणि फोन बंद झाला. थोड्या वेळानं दोन्ही कावळे समुद्राच्या बाजूला उडून गेले. आम्ही शीतनशीत वेचून पान डब्यात भरलं. छत्री मिटून आजीबाईंनी मला एक संत्रं दिलं. मी ते घेतलं, पण त्या रात्री न सोलताच डब्यापाशी ठेवून दिलं.

उरलेले दिवस केतकीनं मला फिरवलं. ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चाललो, चांगलंचुंगलं खाल्लं, लोक सायकली चालवत होते, पोरं वाळूत खेळत होती. माझं लक्ष झाडांवर. आता कावळे सगळीकडे दिसत होते, कचऱ्याच्या डब्यांवर, पुलांच्या कठड्यांवर. मला त्यांची चीड यायला लागली. पुलावर बसलेला दिसला की हा पूल कुणी बांधला, कुणी उडवला, पुन्हा कुणी बांधला, हेच डोक्यात फिरायचं.

परत आल्यावर सामान सातारला टाकून सरळ गावी गेले. आप्पांनी सगळं विचारलं. गाडी जमिनीखालून कशी जाते, तिथं ड्रायव्हर नसतो हे खरं का, केतकीचं घर कितव्या मजल्यावर. त्या एका गोष्टीचं नाव नाही. आयुष्यभर मी लोकांना गाडी कुठली आणि कधी ते सांगत आले. ज्या गाडीचा पत्ता नाही तिलाही 'येईल, बसा' म्हणायचे, आणि लोक बसायचे. आप्पा पाळण्यापासून तसे बसले होते, आणि त्यांना उठा म्हणायलाही माझ्याकडे काही नव्हतं.

संध्याकाळी मीच विषय काढला. "आप्पा, दर्भाचा पुतळा करून विधी करता येतो. गुरुजींना बोलावू?"

"नगं. त्यानं घेतलं न्हाई. जबरदस्तीनं वाटंला लावायचा न्हाई मानसाला."

मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात थंडगार होता.

"आन् एक ऐक. माझ्या दहाव्याला घाटावर कावळ्याची वाट बगत ताटकळू नगासा. पोरंबाळं उनात बसत्यात. त्यो यायचा न्हाई. दर्भाचा कावळा लावा आन् घरला या."

मी 'बरं' म्हटलं.